अलाबामातल्या काळ्या मातीसाठी ग्रँट मागताना

आमच्या कॉलेजात प्रत्येक प्राध्यापकाकडे सेमिस्टरला चार विषय असतात. रसायनशास्त्रात त्यातले दोन तरी प्रॅक्टिकलवाले, आणि प्रॅक्टिकलच्या तयारीला वेगळा लॅब असिस्टंट नाही. द्रावणं आपणच बनवायची, काचसामान आपणच धुवून ठेवायचं, रात्री रिपोर्ट तपासत बसायचं. माझ्याबरोबर पीएचडी केलेली एक मैत्रीण मोठ्या संशोधन विद्यापीठात आहे. तिच्याकडे सेमिस्टरला एक विषय असतो, आणि ग्रँटचं, म्हणजे संशोधनासाठीच्या अनुदानाचं, बजेट मांडायला, फॉर्म तपासायला तिच्या पाठीशी अख्खं ऑफिस असतं. आम्ही दोघी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे (एनएसएफ), म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, प्रपोजल पाठवतो तेव्हा पंधरा पानांची मर्यादा दोघींना सारखी, अक्षराचा आकार सारखा, शेवटच्या दिवशीची संध्याकाळी पाचची वेळही सारखी.

अमेरिकेत अशा छोट्या कॉलेजांत विज्ञान शिकवणारे मराठी लोक बरेच आहेत. ग्रँटची वाट प्रत्येक जण एकेकट्यानं शोधत राहतो. माझी वाट कशी गेली ते म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कॉलेज खाजगी आहे, अलाबामात आहे, आणि ‘एचबीसीयू’ (हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेज ऑर युनिव्हर्सिटी) आहे. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं कृष्णवर्णीय मुलांना बंद होती त्या काळात त्यांच्यासाठी निघालेल्या या संस्था. १९६५च्या उच्च शिक्षण कायद्यानं त्यांची व्याख्या पक्की केली: १९६४च्या आधी स्थापना झालेली हवी, आणि कृष्णवर्णीयांचं शिक्षण हे मुख्य ध्येय हवं. त्यामुळे नवी एचबीसीयू आता निघू शकत नाही. आहेत त्या शंभराच्या आसपास. याशिवाय मूळ अमेरिकी जमातींनी चालवलेली कॉलेजं आहेत, आणि ज्यांच्याकडे पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक आहेत अशी ‘एचएसआय’ (हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन) आहेत. सरकारी भाषेत या सगळ्यांना मिळून अल्पसंख्याकांची सेवा करणाऱ्या संस्था म्हणतात. प्रत्येक गटासाठी निधीच्या वेगळ्या योजना, वेगळे कायदे, वेगळ्या तारखा.

मराठी घरांत टस्कीगी या अलाबामातल्याच एचबीसीयूचं नाव कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यामुळे पोचलेलं आहे. १८९६ साली ते तिथे आले, टाकाऊ बाटल्या-डब्यांतून प्रयोगशाळा उभी केली, ही गोष्ट आपल्यातल्या अनेकांनी शाळेत असतानाच वाचलेली असते. तिची दुसरी बाजू मला इथे आल्यावर कळली. १८८७च्या हॅच कायद्यानं प्रत्येक राज्याला शेती संशोधन केंद्रासाठी वर्षाला १५,००० डॉलर केंद्र सरकारकडून मिळत. अलाबामात हे पैसे ऑबर्नच्या, म्हणजे गोऱ्यांच्या, कॉलेजाकडे जात. टस्कीगीच्या संशोधन केंद्राला १८९७ साली राज्याच्या विधिमंडळानं मंजूर केले ते वर्षाला १,५०० डॉलर. कार्व्हरांच्या कल्पकतेचं कौतुक मलाही आहेच, पण बाटल्या-डबे गोळा करायची वेळ त्यांच्यावर कोणी आणली हेही त्याच दमात सांगायला हवं. आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०२३च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारच्या शिक्षणमंत्री आणि कृषिमंत्री यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली. १८९०च्या मॉरिल कायद्याखाली आलेल्या, शेती आणि तंत्रशिक्षणासाठीच्या कृष्णवर्णीय विद्यापीठांना गेल्या तीन दशकांत राज्यांनी जेवढं द्यायला हवं होतं त्यापेक्षा एकूण १२ अब्ज डॉलरहून जास्त कमी दिलं, असा त्यांचा हिशेब होता. अलाबामा ए अँड एम विद्यापीठाच्या नावापुढे त्यात ५२ कोटी डॉलरहून मोठा आकडा होता. आमचं कॉलेज त्या यादीतलं नाही, ते खाजगी आहे. पण आमच्या लॅबमधला फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारी पेटी), क्षार काढलेलं पाणी देणारा गळका संच आणि दुसऱ्या विद्यापीठानं टाकून दिलेला स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावणातून जाणारा प्रकाश मोजणारं यंत्र) त्याच इतिहासातून आलेले आहेत.

आता मातीबद्दल. मी परभणी जिल्ह्यातली. काळ्या रानात वाढलेल्या माणसाला ही माती काय करते ते शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगून लोण्यासारखी होते, वाफसा आल्याशिवाय तिच्यात पाय टाकायची सोय नसते. अलाबामाच्या मधोमध पूर्व-पश्चिम पसरलेला एक पट्टा आहे, ब्लॅक बेल्ट. नाव पडलं मातीच्या रंगावरून. पुढे त्या मातीत कापूस पिकवायला गुलाम आणले गेले आणि नाव तिथल्या माणसांनाही लागलं. आपली काळी जमीन बेसॉल्टच्या खडकातून आली, इथली खडूच्या थरावर तयार झाली, पण दोन्हींतली चिकणमाती एकाच जातीच्या खनिजाची आहे: स्मेक्टाइट. पाणी प्यायलं की फुगणारं, वाळलं की आक्रसणारं.

अशा मातीत शोषखड्डा चालत नाही, हे आपल्याकडचा गवंडीही सांगेल. अलाबामाच्या या पट्ट्यातल्या बऱ्याच खेड्यांत ड्रेनेजची सार्वजनिक लाइन नाही. घरोघर सेप्टिक टँक, आणि त्यातलं पाणी जमिनीत मुरवण्यासाठी खोदलेले चर. पावसाळी महिन्यांत माती फुगून बंद होते, मैलापाणी अंगणात वर येतं. ज्यांना ही टाकीही परवडत नाही त्यांनी घरामागे नुसता पाइप सोडलेला असतो. ब्लॅक बेल्टमधल्या लाउन्ड्‌स काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) ही परिस्थिती अमेरिकेत बऱ्यापैकी चर्चेत आलेली आहे. मला हवं होतं ते एवढंच: कोरड्या हंगामात भेगांतून आणि ओल्या हंगामात पृष्ठभागावरून नायट्रेट आणि फॉस्फेट किती, कुठे आणि किती वेगानं जातं ते मोजायचं. नायट्रेटवर ऋण भार असतो, या मातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. फॉस्फेटला मात्र इथल्या खडूतला चुना अडवतो. म्हणजे दोघांच्या वाटा वेगळ्या. हे मोजायला आयन क्रोमॅटोग्राफ, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार वेगळे करून मोजणारं यंत्र, लागतो, वर्षभर नमुने आणणारे हात लागतात, आणि ते आकडे बघत बसायला वेळ लागतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

एनएसएफची एचबीसीयूंसाठीची पदवीपूर्व योजना १९९८ साली सुरू झाली. तिच्यात अनेक प्रकार होते. संपूर्ण विभाग उभा करण्यासाठी वेगळा, एखादा अभ्यासक्रम सुधारण्यासाठी वेगळा. माझ्यासारखीसाठी होता तो ‘रिसर्च इनिशिएशन अवॉर्ड’: ज्या प्राध्यापकाला आधी किंवा अलीकडे संशोधनाची ग्रँट मिळालेली नाही त्याला सुरुवात करून देण्यासाठी. मी अर्ज केला तेव्हा तीन वर्षांत तीन लाख डॉलरपर्यंत मागता येत होते.

कल्पना मांडायच्या आधीच दारात अडकायला झालं. केंद्र सरकारचे पैसे घ्यायचे तर ‘सॅम’ या सरकारी पोर्टलवर संस्थेची नोंदणी चालू हवी, आणि ती दरवर्षी नव्यानं करावी लागते. आमच्या कॉलेजात ते ज्यांच्याकडे होतं ते गृहस्थ नोकरी सोडून गेले होते, लॉगिन त्यांच्या बंद झालेल्या ईमेलला जोडलेलं. ते बदलायला कॉलेजच्या लेटरहेडवर नोटरी केलेलं पत्र पाठवावं लागतं, मग तपासणी, मग वाट. मोठ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाला ‘सॅम’ अशी काही चीज आहे हे आयुष्यभर कळत नाही. आमच्या अकाउंट्समधल्या बाईंनी विद्यार्थ्यांच्या फी आणि पगारांच्या मधून वेळ काढून ते काम पुरं केलं. प्रपोजलवर शेवटचं ‘सबमिट’ही प्राध्यापकाला दाबता येत नाही, संस्थेनं अधिकार दिलेल्या माणसानंच दाबायचं. तो माणूस त्या दिवशी, त्या तासाला जागेवर आहे ना, हे महिनाभर आधी विचारून ठेवा. हे मी आता प्रत्येकाला सांगते.

प्रपोजल म्हणजे नुसती पंधरा पानं नसतात. एक पानाचा सारांश, त्यात कामाची रूपरेषा, बौद्धिक गुणवत्ता आणि व्यापक परिणाम असे तीन ठरलेले भाग. दोन पानी डेटा योजना, परिचय, चालू आणि प्रलंबित निधीची यादी, बजेट आणि त्याचं समर्थन. आणि ‘फॅसिलिटीज’ नावाचा एक भाग: तुमच्याकडे काय काय उपलब्ध आहे. हा भाग लिहिताना मला सगळ्यात त्रास झाला. ज्या गोष्टी नाहीत म्हणून आपण हात पसरतो आहोत, त्या आहेत असं दाखवल्याशिवाय काम होईल यावर कोणाचा विश्वास बसणार? मी जे होतं ते खरं लिहिलं. हूड, वजनकाटे, मातीचे नमुने वाळवायची भट्टी, कॉलेजची व्हॅन.

एका नियमाचं मात्र मनापासून कौतुक. एनएसएफ साधारणपणे ‘आम्ही आमचेही इतके पैसे घालू’ असं स्वेच्छेनं लिहू देत नाही. ते चालत असतं तर श्रीमंत विद्यापीठांनी तिथेच आम्हाला मागे टाकलं असतं.

पहिल्या वेळी नकार आला. परीक्षकांचे शेरे नावांशिवाय पूर्ण वाचायला मिळतात. एकानं ‘व्हेरी गुड’ दिलं होतं, बाकीच्यांनी ‘गुड’ आणि ‘फेअर’. विज्ञानाबद्दल त्यांना फारशी शंका नव्हती. भेगांतून होणाऱ्या वहनाचा विचार आवडला होता. दोघांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला होता: सेमिस्टरला चार विषय शिकवणारी व्यक्ती हे काम कधी करणार? पदवीपूर्व विद्यार्थी बारा महिने नमुने आणत राहतील याची हमी काय?

वाचून वाईट वाटलं, पण प्रश्न रास्त होते. ते मला उद्देशून होते असं दिसत असलं तरी खरं उत्तर कॉलेजनं द्यायचं होतं.

एनएसएफमध्ये ही योजना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे प्रोग्राम ऑफिसरला, ईमेल करून फोनची वेळ घेतली. ही गोष्ट भारतातून आलेले आपण पटकन करत नाही. सरकारी अधिकाऱ्याला फोन करून ‘माझं कुठे कमी पडलं’ असं विचारायचं, हे अंगवळणी पडलेलं नसतं. पण त्यांच्या कामाचा तो भागच असतो. त्या बाईंनी माझे शेरे समोर ठेवून नीट वेळ दिला. नाकारलेलं प्रपोजल ठळक बदल केल्याशिवाय परत घेतलं जात नाही, आणि परत आलेलं प्रपोजल नवंच समजलं जातं, हे त्यांनी स्पष्ट केलं. मग म्हणाल्या, तुम्ही परीक्षक म्हणून पॅनेलवर या.

त्या पॅनेलवर गेले नसते तर दुसरं प्रपोजल लिहिता आलं नसतं. तिथे काय वाचलं ते सांगायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. कसं वाचलं जातं तेवढं सांगते. प्रत्येक परीक्षकाकडे प्रपोजलांचा गठ्ठा असतो, आणि तोही आपली नोकरी सांभाळून वाचत असतो. सारांशाचं पान तो दोनदा वाचतो. नंतर बजेट उघडतो आणि मजकुरात लिहिलेल्या प्रत्येक कामामागे माणसाचे तास दिसतात का ते बघतो. जिथे काम आहे आणि तास नाहीत, तिथे त्याचं पेन थांबतं. चर्चेत एखाद्यानं ‘या कॉलेजात हे होईल का’ असं म्हटलं, की अशा कॉलेजात नोकरी केलेला एक जरी माणूस टेबलाशी असेल तरी संभाषणाची दिशा बदलते. तो सांगू शकतो की छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाची मुलगी जमिनीत नळी घालून मातीचा उभा नमुना काढायला शिकते, आणि पदवी होईपर्यंत तीच नव्यांना शिकवते.

त्यानंतर मी प्रोव्होस्टकडे, म्हणजे कॉलेजच्या शैक्षणिक प्रमुखांकडे, गेले. आमच्या योजनेत प्रशासनाकडून एक निवेदन जोडायचं असायचं: या प्रकल्पामुळे विभागावर काय परिणाम होईल, प्राध्यापकाला मोकळा वेळ कसा मिळेल. पहिल्या वेळचं निवेदन गोड शब्दांचं होतं. या वेळी मी म्हटलं, सेमिस्टरला एक विषय कमी, तीन वर्षं, लेखी हवं. प्रोव्होस्ट भली व्यक्ती. त्यांची अडचण खरी होती: तो विषय शिकवणार कोण? मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांप्रमाणे शिकवणाऱ्याकडे त्या विषयातले पदव्युत्तर पातळीवरचे किमान १८ क्रेडिट लागतात. आमच्या गावाच्या आसपास ॲनालिटिकल केमिस्ट्री शिकवू शकणारा माणूस रिकामा बसलेला नसतो. शेवटी पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेले एक रसायनतज्ज्ञ मिळाले. ते मास्टर्स झालेले होते आणि शिकवायला उत्सुक होते. त्यांच्या मानधनाएवढे पैसे ग्रँटमध्ये धरलेल्या माझ्या पगाराच्या ओळीतून सुटतील असं बजेट मांडलं. निवेदनात तो विषय, त्याचा क्रमांक आणि सेमिस्टर, सगळं आलं.

दुसरा प्रश्न विद्यार्थ्यांचा. आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त मुलांना पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांसाठीची केंद्र सरकारची मदत, मिळते; घरचं उत्पन्न तुटपुंजं. एका हुशार मुलीला मी उन्हाळ्यात लॅबमध्ये ये म्हटलं होतं. ती म्हणाली, “डॉक्टर, मला यायचंच आहे. पण उन्हाळ्यात मी गोदामात रात्रपाळी करते, त्यातून माझ्या भावाची शाळेची तयारी होते. पगार असेल तर येईन.” तिनं हे लाजून नाही, सरळ सांगितलं. संशोधनाचा ‘अनुभव’ फुकट देऊ करणं म्हणजे तो फक्त खात्यापित्या घरच्या मुलांना देऊ करणं. म्हणून नव्या बजेटात दोन विद्यार्थ्यांना वर्षभर आठवड्याचे ठरावीक तास आणि उन्हाळ्यात पूर्णवेळ पगार धरला, तोही गोदामाच्या दराला तोडीस तोड. यंत्र स्वस्तातलं निवडलं आणि वाचलेले पैसे या ओळीत टाकले.

सुरुवातीचे थोडे आकडे हाती असावेत म्हणून शेजारच्या मोठ्या विद्यापीठातल्या एका सहकाऱ्यानं त्यांचा क्रोमॅटोग्राफ सुट्टीच्या दिवशी वापरू दिला. मदतीचा हात असा माणसाकडून माणसाला मिळतो, हे इथेही खरं आहे.

मग कोविड आला, लॅब बंद, वर्ग घरून. पॅनेलही ऑनलाइन भरलं. बऱ्याच महिन्यांनी प्रोग्राम ऑफिसरचा ईमेल आला: पॅनेलच्या दोन प्रश्नांची उत्तरं द्या, बजेटातली एक ओळ दुरुस्त करा, आणि हे ग्रँट मिळाल्याचं पत्र समजू नका. शिफारस वेगळी, मंजुरी वेगळी. मंजुरी ग्रँट्सचा वेगळा विभाग देतो आणि ती संस्थेला कळवली जाते. त्यामुळे मला ती बातमी अकाउंट्समधल्या बाईंनी दिली. त्या व्हरांड्यातून धावत आल्या. आईला परभणीला फोन केला तर तिनं विचारलं, “म्हणजे तिथेही आपल्यासारखीच माती आहे का गं?” आहे म्हटलं. “मग पाणी मुरायचं नाही,” ती म्हणाली.

यंत्र यायला मोठा काळ गेला. तीन कोटेशनं, खोलीतलं वायरिंग, एसी, आणि देखभालीचा वार्षिक करार. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष ठेवा. यंत्र ग्रँटमधून घेता येतं, पण ग्रँट संपल्यावर देखभाल कॉलेजच्या डोक्यावर येते. छोट्या कॉलेजांच्या कोठ्यांत धूळ खात पडलेली चांगली यंत्रं मी पाहिली आहेत. ती देखभालीच्या पैशांअभावी बंद पडलेली असतात. पैसे वाचवणाऱ्या विक्रेत्यापेक्षा दुरुस्तीचा माणूस जवळ असणारा विक्रेता निवडला, तो निर्णय पुढे फार उपयोगी पडला.

नमुने आणणं हा भाग सगळ्यात नाजूक होता. लोक अंगणात येऊ द्यायला घाबरत. सांडपाण्याची नीट व्यवस्था नसल्याबद्दल घरमालकांवर कारवाई झाल्याच्या आठवणी त्या भागात ताज्या आहेत. गोदामातली नोकरी सोडून आलेली माझी विद्यार्थिनी त्याच पट्ट्यातली. तिच्या आजीच्या चर्चमध्ये आम्ही रविवारी जाऊन बोललो, कोणाचं घर कुठलं ते अहवालात येणार नाही असं लिहून दिलं. मग अंगणं उघडली. आजींनी पहिल्या दिवशी विचारलं, “तू कुठली?” मी म्हटलं, काळ्या मातीतली. मुठीत ढेकूळ घेऊन चुरून दाखवलं. त्यांनी हसून खुर्ची दिली.

लांब कोरड्या काळानंतरच्या पहिल्या पावसात भेगांतून नायट्रेट झपाट्यानं खाली जातं आणि माती फुगल्यावर ते जाणं थांबतं, हे ती आणि तिच्या जोडीची दुसरी विद्यार्थिनी, या दोघींनी मोजलं. हंगामाप्रमाणे घरांजवळच्या उथळ विहिरींचा धोका बदलतो, एवढा साधा आणि उपयोगी निष्कर्ष. त्यांनी तो परिषदेत पोस्टरवर मांडला. एक आता पीएचडी करते आहे, एक राज्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीत पीएचडी होणाऱ्या कृष्णवर्णीयांमध्ये ज्यांची पहिली पदवी एचबीसीयूची आहे त्यांचा वाटा मोठा आहे. या कॉलेजांची देशातल्या एकूण कॉलेजांतली संख्या जेमतेम तीन टक्के असूनही. त्या आकड्यामागे अशी एकेक मुलगी असते, जिला कोणीतरी तासांचे पैसे दिलेले असतात.

२०२५चं वर्ष कठीण गेलं. एप्रिलमध्ये एनएसएफनं विविधता आणि समावेशाशी जोडलेल्या ग्रँटा मध्येच रद्द करायला सुरुवात केली, आणि थोड्याच काळात हा आकडा हजाराच्या वर गेला. माझी मुदत तोवर संपलेली होती, पण ओळखीच्या लोकांनी विद्यार्थ्यांना ‘पुढच्या महिन्यापासून पगार नाही’ असं सांगताना जे सोसलं ते जवळून पाहिलं. त्याच महिन्यात लाउन्ड्‌स काउंटीच्या सांडपाण्याबाबत २०२३ साली झालेला केंद्र आणि राज्याच्या आरोग्य खात्यातला करार केंद्राच्या न्याय खात्यानं संपवला. आजींच्या चर्चमध्ये त्यानंतर मला विचारलं गेलं, आता आमचं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आकडे होते. ते मी दिले.

सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्यानं एचएसआय आणि इतर काही अल्पसंख्याक संस्थांच्या योजनांचा सुमारे ३५ कोटी डॉलरचा निधी थांबवला. कारण दिलं की ठरावीक वंशाच्या विद्यार्थ्यांचं प्रमाण ही अटच घटनाबाह्य आहे. काही दिवसांतच एचबीसीयू आणि आदिवासी कॉलेजांना एकदाच मिळणारे सुमारे ४९ कोटी ५० लाख डॉलर जास्तीचे जाहीर झाले. आमच्या स्टाफरूममध्ये कोणी पेढे वाटले नाहीत. कॅलिफोर्नियात, टेक्सासमध्ये कम्युनिटी कॉलेजातून विज्ञानाच्या पदवीकडे येणाऱ्या मुलांची शिकवणी, त्यांची लॅब ज्या पैशांतून चालते ते आटले असताना आमच्या पदरात पडलेल्या पैशांचा आनंद कसा मानायचा? ती मुलं आमच्याच मुलांसारखी रात्रपाळी करून शिकतात.

आणि एकदाच मिळणारे पैसे यंत्राला उपयोगी पडतात, माणसाच्या वेळेला नाही. एका वर्षाच्या पैशांवर कोणी कॉलेज तीन वर्षांसाठी विषय कमी करून देत नाही, आणि कोणी मुलगी पुढच्या उन्हाळ्याची नोकरी सोडत नाही.

पुढचं प्रपोजल मी एका तरुण सहकाऱ्याबरोबर लिहिते आहे, आता भूजलावर. तो जीवशास्त्रातला आहे आणि सेमिस्टरला चार विषय शिकवतो. त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. एक पानी कल्पना आधी प्रोग्राम ऑफिसरला पाठवा आणि बोलून घ्या. ‘सॅम’ची तारीख स्वतः तपासा. परीक्षक म्हणून नाव नोंदवा, छोट्या कॉलेजांतली माणसं पॅनेलवर हवीच असतात. बजेटात तासांची ओळ आधी भरा, यंत्राची नंतर. आणि कुठला विषय कोण शिकवणार ते प्रोव्होस्टच्या सहीनिशी लिहून घेतल्याशिवाय प्रपोजल पुढे पाठवू नका.